दुनळीचं मोल नळ्यांत

शनिवार, रात्री.

जुनी दुनळी बंदूक समोर आली की नजर आधी नक्षीवर जाते. किंमत मात्र ठरते नळ्यांवर. नक्षी नव्यानं कोरता येते, कुंदा, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, बदलता येतो. झिजलेली नळी कोणी जाड करून देत नाही.

क्रम असा. बंदूक रिकामी आहे ना, हे उघडून पाहायचं. मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढून, नळ्या बंद ठेवून, आडव्या हलवायच्या. लाकूड तसंच ठेवलं तर त्याच्या स्प्रिंगच्या दाबात सैलपणा लपतो. विकणारे नेमके ते काढत नाहीत. नळ्या सुट्या करून हुकाला टांगून बोटानं टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर ठीक, थप्प आवाज आला तर दोन नळ्या जोडणाऱ्या मधल्या पट्टीचं डाखकाम सुटलंय.

आता मापं. ब्रिटिश बंदुकीच्या नळीखाली प्रूफचे, म्हणजे जादा दाबानं बार उडवून घेतलेल्या चाचणीचे, छाप असतात. जुन्या छापात १३/१ म्हणजे मूळ व्यास ०.७१९ इंच. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या, टोकाकडून ९ इंचांवर गेज लावून आज ०.७३१ आलं, तर गंजाचे खड्डे घालवायला कोणीतरी नळी आतून घासलीय. वाढ ०.०१० इंचाच्या पुढे गेली की तिथला प्रूफ बाद मानतात. नळीच्या आतली आरशासारखी चकाकी पाहून भुलू नये! भिंतीची जाडी वेगळ्या गेजनं मोजायची, नळीभर, चारी बाजूंनी. ०.०२० इंचाच्या खाली गेली की संग्राहक हात आखडतात. चेंबर अडीच इंची आहे की मागाहून पावणेतीनचं केलंय, हेही तपासावं. दमास्कस नळी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली) असेल तर फक्त काळ्या बारुदीचा प्रूफ आहे का, ते वाचावं.

नळ्या, अ‍ॅक्शन (बार उडवणारी यंत्रणा) आणि पुढचं लाकूड या तिन्हींवर नंबर एकच हवा. विकायच्या आधी पॉलिश, नवा काळा रंग, वार्निश यातलं काहीही करू नये. मूळ फिनिश गेलं की ते परत येत नाही, आणि जाणकार ते लगेच ओळखतो.

किंमत काढणारा स्वतः घेणारा नसावा. विम्यासाठीचा आकडा विक्रीच्या आकड्यापेक्षा चढाच असतो. तो धरून बसलं की बंदूक वर्षानुवर्षं पडून राहते.

संग्राहकांतच विकण्याचं एक कारण: पट्टीवर सोन्यात '२' कोरलेला असेल तर ती जोडीतली दुसरी. पहिली ज्याच्याकडे असेल, तो इतरांहून जास्त देईल, आणि तो याच वर्तुळात सापडतो. हस्तांतर परवानाधारक विक्रेत्याच्या हातूनच, आणि पाहून परत करायची मुदत आधी ठरवून. वर्णनात 'नळ्या चांगल्या' असं लिहू नये. 'उजवी नळी, सर्वात पातळ ०.०२२, तोंडापासून १२ इंचांवर' असं लिहावं.