तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नशेत होता’ म्हटलं की सुटतो का?

खुनाचे खटले चालवणाऱ्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही चुकत नाही: ‘दारू प्यायला होता म्हटलं की सुटतो ना? आणि रागाच्या भरात केलं म्हटलं की शिक्षा कमी?’ विचारण्याचा सूर असा, की आम्ही वकील हेच शिकवत फिरतो. म्हणून एकदा नीट लिहितो.

सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २३, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ८५, फक्त त्याला वाचवतं ज्याला नकळत किंवा जबरदस्तीने नशा दिली गेली आणि आपण काय करतोय, ते चूक आहे, हे कळण्याची कुवतच उरली नाही. ते दाखवण्याचा भारही आरोपीवर.

पूर्वी मी एवढंच सांगून थांबायचो. ते अर्धवट होतं. खरी मेख कलम २४ मध्ये आहे, जुन्या ८६ मध्ये. स्वतःहून प्यायलेल्याला शुद्धीत असताना जितकी जाणीव असती तितकीच होती असं धरायचं, असं ते कलम म्हणतं. इरादाही तसाच धरायचा, असं मात्र ते म्हणत नाही.

ही फट सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये बासदेव विरुद्ध पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थानांचं तेव्हाचं राज्य) या निकालात तपासली. लग्नघरचं जेवण. बासदेव लष्करातला निवृत्त जमादार, भरपूर प्यायलेला. नीट बसता यावं म्हणून त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला जरा सरकायला सांगितलं. मुलगा हलला नाही. बासदेवने पिस्तूल काढलं आणि त्याच्या पोटात गोळी घातली. साक्षीदार म्हणाले, तो मधूनच झोकांड्या खात होता, असंबद्ध बोलत होता. पण तो स्वतःच्या पायांनी आला होता, जागा त्याने स्वतः निवडली होती. गोळीनंतर तो पळायला निघाला आणि पकडल्यावर माफी मागू लागला. न्यायालयाने नशा मान्य केली, पण इरादा धरता येणार नाही इतकी ती नव्हती, असं ठरवलं. खुनाची शिक्षा कायम राहिली.

म्हणून अशा खटल्यात रक्ताच्या अहवालावर सगळी मदार ठेवू नका. आरोपी दुसऱ्या दिवशी सापडतो, तोवर अल्कोहोल उतरलेलं असतं. साधारण तासाला १०० मिली रक्तामागे १५ मिलीग्रॅम. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली किंवा बाटलीत रक्त टिकवणारं सोडियम फ्लोराइड नसलं, तर उलटतपासणीत नमुनाच संशयात जातो. अहवाल निर्दोष असला तरी तो आकडा सांगतो, मन सांगत नाही. मन कळतं ते हत्यार कुठून आणलं, वार कुठे केला, नंतर काय लपवलं यावरून. इरादा नव्हता, फक्त जाणीव होती, असं ठरलं तर प्रकरण खुनाऐवजी कलम १०५ च्या, म्हणजे सदोष मनुष्यवधाच्या, दुसऱ्या भागात जातं: १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे सुटणं नव्हे.

रागाचंही तसंच. रागामुळे खुनाचा सदोष मनुष्यवध व्हायचा, तर प्रक्षोभ गंभीर हवा आणि अचानकही हवा. स्वतः ओढवून घेतलेला चालत नाही. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात २७ एप्रिल १९५९ ला पत्नीची प्रेमसंबंधाची कबुली ऐकून ते घरातून निघाले, तिला आणि मुलांना सिनेमागृहावर सोडलं, खोटं कारण देऊन जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. कबुली आणि गोळ्या यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले. सावरायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. बासदेव आणखी प्यायला असता, उभंही राहता आलं नसतं, तर त्याच गोळीची शिक्षा कमी झाली असती का? कलमं वाचली तर, कदाचित हो. इरादा सिद्ध केल्याशिवाय कुणालाही खुनी ठरवू नये, हे मी कोर्टात ठासून मांडतो आणि उद्याही मांडेन. पण सरकला नाही म्हणून मेलेल्या त्या मुलाच्या घरच्यांना हा फरक कसा समजावायचा, ते मला सांगता येत नाही.