ठराव मंजूर झाला, मग काम का होत नाही?

मराठवाड्यातल्या एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत मी 33 वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी 19 वर्षे सभा लिपिक म्हणून सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, म्हणजे सभेतल्या कामकाजाची अधिकृत नोंद, लिहिले. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर किंवा सकाळी फिरताना कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारतो : ‘‘काका, सभेत ठराव मंजूर झाला म्हणून पेपरात वाचले होते, मग काम का होत नाही?’’ डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्यापासून हा प्रश्न पुन्हा वारंवार येऊ लागला आहे आणि आता तो विचारणाऱ्यांत नवे नगरसेवकही आहेत. म्हणून या वेळी दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहितो.

या प्रश्नाला गावात एक तयार उत्तर आहे : ‘‘सगळे पैसे खातात.’’ तसे कुठेच होत नाही असे मी म्हणणार नाही. 33 वर्षे मी डोळे मिटून बसलो नव्हतो. मात्र माझ्या डोळ्यांसमोर जे ठराव मेले, त्यांतले बहुतेक लिहितानाच मेले होते. जागा कोणाची, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, मंजुरी कोणाची लागणार, हे त्यांत नव्हते आणि ते विचारायला सभागृहात कोणी उठले नव्हते.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या कलम 81 नुसार दर दोन महिन्यांत एक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिची नोटीस सदस्यांना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी द्यावी लागते. नोटिशीसोबत विषयपत्रिका जाते आणि तिच्यातला पहिला विषय बहुधा ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय आला की सभागृहात चहाचे कप वाजू लागतात, कोणीतरी ‘‘वाचले असे समजा’’ म्हणते आणि दीड मिनिटात मागच्या सभेत काय ठरले यावर कायमचा शिक्का बसतो. नगरपरिषदेच्या कारभारातला सर्वांत महागडा दीड मिनिट कोणता असे मला विचारले, तर मी हाच दाखवीन. सभेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ असतात. ज्या विषयाची टिपणी कोणी पाहिलेली नाही, तो घरी जायच्या घाईत मंजूर होतो, सूचक आणि अनुमोदकाची जागा कोरी राहते आणि ती नंतर माझ्या टेबलावर भरली जाते. या रिवाजात माझाही हात होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

अभ्यासिकेची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात माझी चूक सर्वांत स्पष्ट दिसते. आमच्या गावात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पुष्कळ. घरी दोन खोल्या, एकीत स्वयंपाक आणि दुसरीत टीव्ही, म्हणून ती मंदिराच्या ओवरीत आणि बसस्थानकाच्या बाकावर पुस्तके उघडून बसत. जुन्या कचेरीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी अभ्यासिका बांधावी असा विषय 2009 मध्ये आला आणि एकही विरोध न होता मंजूर झाला. सूचकांनी भाषणात ‘‘आपल्याच जागेत’’ असे म्हटले, म्हणून मी ठरावात ‘नगरपरिषदेच्या मालकीच्या जागेत’ असे लिहिले. सातबारा मी मागवला नाही. त्या जागेत नगरपरिषदेचा कोंडवाडा होता, आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे आमचेच लोक तहबाजारी, म्हणजे बाजारात बसण्याची फी, वसूल करीत, मग जागा दुसऱ्या कोणाची कशी असेल?

ती सरकारची होती. निजामाच्या अमलात कचेरीकडे असलेली ती जागा 1948 नंतर महसूल खात्याकडे आली, पुढच्या अभिलेखांतही तिची नोंद ‘सरकार’ अशीच राहिली आणि आम्ही केवळ वहिवाटीने तिला आपली समजत होतो. मराठवाड्यातल्या जुन्या गावठाणांत असा गोंधळ जागोजागी सापडतो : कुठे इनामाची जमीन, कुठे कागद उर्दूत, कुठे नगर भूमापन अर्धवट. 2011 मध्ये निधी आला, अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसाठी गेले आणि अभियंत्यांनी पहिल्याच पानावर मालकीचा पुरावा मागितला. पुरावा नव्हता. मुदत संपली आणि निधी परत गेला. सभेने मग काय केले असेल? तोच ठराव, तेच शब्द, नव्या क्रमांकाने पुन्हा मंजूर केला, आणि लोकांना वाटले की काम पुढे सरकले.

तिसऱ्यांदा, 2014 मध्ये, विषय आला तेव्हा एका नगरसेविका ताईंनी हात वर केला. राखीव जागेवरून पहिल्यांदाच निवडून आलेल्या, तोवर सभेत कधी न बोललेल्या त्या बाई उभ्या राहून मला म्हणाल्या, ‘‘साहेब, तुम्ही काय लिहिलंय ते आत्ताच वाचून दाखवा. घरी गेल्यावर मला कोणी वाचून दाखवणार नाही.’’ मागच्या बाकावरून कोणी हसले. मी वाचले. ‘मालकीच्या’ या शब्दावर त्यांनी मला थांबवले आणि विचारले, ‘‘कागद कुठं आहे?’’ सभागृहात बसलेल्या 20-25 माणसांपैकी कोणाकडेही उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. त्या दिवशीचा ठराव वेगळा लिहिला गेला : जागा शासनाची असल्याने ती अभ्यासिकेसाठी मिळावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव सादर करावा, ताबा मिळाल्यानंतरच अंदाजपत्रक करावे आणि वाचनालयाच्या लेखाशीर्षात पुढील अर्थसंकल्पात तरतूद ठेवावी. दिसायला हा ठराव मागच्या दोघांहून फिका होता, पेपरात त्याची बातमीसुद्धा आली नाही. ताबा 2016 मध्ये मिळाला आणि 2018 मध्ये अभ्यासिका उघडली. तिच्यात 40 खुर्च्या आहेत आणि परीक्षेच्या दिवसांत जमिनीवरही मुले बसलेली असतात.

दंडाच्या ठरावांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. मोकाट जनावरांच्या मालकाला अमुक रुपये दंड, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला तमुक रुपये दंड, असे ठराव उत्साहाने होतात. मात्र सभेने मनात आणले म्हणून दंड बसत नाही. त्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम 322 खाली उपविधी, म्हणजे नगरपरिषदेचे स्वतःचे नियम, करावे लागतात, मसुदा प्रसिद्ध करून हरकती घ्याव्या लागतात आणि वरची मंजुरी मिळवावी लागते. तो मसुदा लिहिणे हे कंटाळवाणे काम असल्यामुळे ते मागे पडते, आणि पहिल्याच पावतीवर कोणी वकिलाला विचारले की कर्मचारी पावतीपुस्तक मिटून परत येतो.

लोक खऱ्या अर्थाने अडतात ते मालमत्ता कराशी, आणि तिथे प्रश्नाचे तोंड फिरते. तिथे ठराव झाला तरी काम का होत नाही असे नव्हे, तर आम्हाला न विचारता काम कसे झाले असे लोक विचारतात. कायद्याने दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी करावी लागते, तिलाच आम्ही चतुर्थवार्षिक आकारणी म्हणतो. भाड्याच्या हिशेबाने आकारणी असेल, तर घराला वाजवी भाडे महिन्याला 500 रुपये मिळेल असे धरल्यास वार्षिक भाडे 6,000 रुपये होते. त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के, म्हणजे 600 रुपये, वजा होतात आणि उरलेल्या 5,400 रुपयांवर कर बसतो. कराचा दर सभा ठरवते, पण तुमचे घर पत्र्याचे की स्लॅबचे हे सभा ठरवत नाही. ते मोजणी करणारा नोंदवतो आणि यादी नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याकडून तपासली जाते. म्हणून आकारणी झाल्यावर नगरसेवकाच्या घरी खेपा घालून घरपट्टी कमी होत नाही, त्याने कितीही होकार भरला तरी.

आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मावशी मागणीची नोटीस घेऊन कार्यालयात आल्या, तेव्हा ती नोटीस त्यांनी पदराच्या टोकात बांधली होती आणि घामाने तिची शाई पसरली होती. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, आणि नोंद मात्र आर.सी.सी. बांधकामाची, शेजारच्या बंगल्याची मापे त्यांच्या नावावर चढली होती. चूक उघड होती, पण दुरुस्त करायची वेळ निघून गेली होती. यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती घ्यायला किमान 30 दिवस दिले जातात. नोटीस फळ्यावर लागते, वर्तमानपत्रात येते, रिक्षावर भोंगा लावून दवंडीही दिली जाते. त्या वर्षी हजारो मालमत्तांच्या यादीवर ज्या हरकती आल्या, त्यांत व्यापारी आणि वकील पुष्कळ होते, पत्र्याच्या घरांतले फार थोडे. मावशींचे अपील करायला मी अर्ज लिहून दिला आणि ते झालेही, मात्र मधल्या काळात थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत होती आणि ती त्यांना भरावी लागली. आमच्या कार्यालयाने चुकीची मापे लावली आणि शास्ती त्यांनी भरली, हे मला आजही नीट गिळता आलेले नाही.

याच संदर्भात एक गैरसमज इतका खोलवर रुजला आहे की तो सोडून पुढे जाता येत नाही. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, असे लोक मानतात, आणि प्लॉट विकणारेही तसेच सांगतात. कर हा कर आहे, तो परवानगी नाही. गुंठा-दोन गुंठे घेऊन बांधलेली घरे नियमित करण्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे आणि कधीपर्यंतची घरे त्यात बसतात ती तारीख 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली, पण त्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव, नकाशा आणि शुल्क लागते. तुमच्या हातातली करपावती तिथे केवळ एक जोडपत्र असते.

नगरसेवकांची मुदत संपून त्यांच्या जागी प्रशासक म्हणून सरकारी अधिकारी आले तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. सभा नाही, वाद नाही, एकाच सहीने ठराव, म्हणून अनेकांनी ‘‘हेच बरे’’ असे मला सांगितले. फायली वेगाने हलल्या हे खरे आहे. मात्र त्या काळात ‘‘कागद कुठं आहे?’’ असे उभे राहून विचारणारे कोणी सभागृहात नव्हते, कारण सभागृहच कुलूपबंद होते आणि खुर्च्यांवर धूळ साचली होती.

गेल्या महिन्यात एक तरुण नगरसेवक माझ्याकडे आला. त्याला प्रभागात ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र करायचे आहे आणि त्याने पहिल्या सभेसाठी ठरावाचा मसुदा छान टाइप करून आणला होता. मी मसुदा बाजूला ठेवून सातबारा मागितला. तो थोडा नाराज झाला. ‘‘काका, जागा आपलीच आहे,’’ म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, तेव्हा मसुद्यातला ‘मालकीच्या’ हा शब्द त्याने स्वतःच निळ्या पेनाने खोडला होता आणि समासात लिहिले होते : ‘खुली जागा, रेखांकन तपासणे.’ आम्ही दोघे मग चष्मे पुसून रेखांकनाच्या, म्हणजे प्लॉट पाडल्याच्या, नकाशावर वाकलो.