"समजलं का?" "होऽऽ टीचर!"

ऐरोलीत आठवीला गणित शिकवते. माझ्या वर्गात कोणी घाबरत नाही असं मला वाटायचं, छडी तर नाहीच, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पण परवा बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या तर एकीत होतं, "टीचर, तुम्ही समजलं का विचारता तेव्हा डस्टर घेऊन फळा पुसायला वळलेल्या असता." अरे खरंच की! म्हणजे उत्तर मीच ठरवून टाकलेलं, पोरं फक्त "हो" म्हणायची. आणि "कोणीही बोला" म्हटलं की बोलणार पुढच्या बाकावरचे तेच चौघं, त्यालाच मी मोकळं वातावरण म्हणायचे (हसू नका). आता डस्टर टेबलावर ठेवते, मनात दहापर्यंत मोजते. सात-आठला मागून एखादा हात वर येतो, पण तोवर माझाच जीव खालीवर, पोर्शन बाकी आहे ना!