खरबरीत छत गुळगुळीत करायचं तर आधी स्लॅबवर चढा

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे घर १९९४ मध्ये बांधलं. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा स्लॅबची घरं मोजकीच होती. सेंट्रिंगच्या पाट्या कुठे वर-खाली बसायच्या, सांध्यांतून सिमेंटचं पाणी गळायचं, आणि पाट्या काढल्या की छतावर रेषा नि उंचवटे राहायचे. ते झाकायला मिस्त्री पातळ सिमेंट कालवून कुंच्यानं छतावर थोपटत. त्याचे दाणे उभे राहत आणि खालून पाहणाऱ्याला छत मुद्दाम नक्षीचं केल्यासारखं दिसे. त्या काळी ते झोकाचं काम होतं. मामाजी पाहुण्यांना मान वर करून बघायला लावायचे, असं सासूबाई अजून सांगतात.

पण आमच्याकडे घरात कापूस असतो, हे ती नक्षी करताना कोणी लक्षात घेतलं नव्हतं. भाव चढेल म्हणून दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत कधी एक खोली, कधी दोन खोल्या कापसानं भरलेल्या. कापसाचे तंतू वर उडतात आणि दाण्यांत अडकतात. त्यावर चुलीचा धूर, त्यावर कोळ्याची जाळी. झाडू मारला की झाडूच्या काड्या तुटतात, तंतू तसेच राहतात आणि थोडी रेती डोळ्यांत येते. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. त्यांच्या खोलीतलं छत हाताने पुसता आलं पाहिजे, एवढ्यासाठी मी या कामात पडले.

गावात सध्या यावर एकच उत्तर मिळतं, फॉल सीलिंग लावा. लोखंडी पट्ट्या, जिप्समच्या शीट, मध्ये लाइटा. शहरातल्या फ्लॅटमध्ये ते शोभत असेल. आमच्या घरात त्या पोकळीत उंदीर शिरतील हे मला आजच सांगता येतं. त्याहून वाईट म्हणजे स्लॅब गळायला लागला तर शीट फुगून खाली येईपर्यंत कळणार नाही. खोलीची उंची वीतभर कमी होते ती वेगळीच, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पंखा डोक्याच्या जवळ आणायची मला अजिबात इच्छा नाही. म्हणून जो स्लॅब आहे त्याच्याच पोटाला सपाट गिलावा करायचा ठरवलं.

तेव्हा पहिलं काम स्लॅबच्या वर. खालून कितीही सुंदर थर द्या, वरून पाणी आलं तर तो उतरणार. आमच्या स्लॅबवर वर्षानुवर्षं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग असायचा, जळणासाठी. त्याखाली ओल धरून राहायची आणि पाला वाहत जाऊन पाणी जायची नळी बुजायची. पऱ्हाट्या खाली, गोठ्याच्या बाजूला हलवल्या. कठड्याच्या मुळाशी सिमेंटची गोलसर कड काढून घेतली, भेगा भरल्या, नळीकडे उतार नीट केला. हे सगळं उन्हाळ्यात. मग पावसाळा तसाच जाऊ दिला आणि प्रत्येक जोराच्या पावसानंतर खालून छताकडे पाहिलं. एका खोलीच्या कोपऱ्यात डाग आला, तिथे वर पुन्हा काम केलं. घाई असणाऱ्यांनी स्लॅबवर बांध घालून दोन-तीन दिवस पाणी साचवून पाहावं, पण आमच्याकडे उन्हाळ्यात तेवढं पाणी कोण देणार. पावसासारखा परीक्षक फुकट मिळतो, मी त्यालाच काम दिलं.

पाऊस ओसरल्यावर, सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन कापूस घरात यायच्या आत, खालचं काम. मधली ही वेळ फार चांगली. स्लॅब वाळलेला असतो, ऊन मवाळ असतं, पाणी असतं, आणि खोल्या रिकाम्या असतात.

मिस्त्री शेजारच्या गावचे, पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) काम यवतमाळला शिकून आलेले. हात चांगला. त्यांनी आल्या आल्या पुट्टीची गोणी फोडायला घेतली, तिथे आमचं पहिलं बोलणं झालं.

“वहिनी, खरडत कायले बसता? वरून पुट्टी मारून देतो, चकाचक दिसते.”

“भाऊ, पुट्टी कोणाले धरून राहीन? चुन्यालेच ना? अन् चुना कोणाले धरून हाय?”

त्यांनी छतावर तळहात घासला. हात पांढरा. वरचे डिस्टेंपरचे पोपडे आणि त्याखाली दरवर्षीच्या चुन्याचे पापुद्रे. नवा थर कितीही भारी घेतला तरी तो ज्याला चिकटतो तेच सुटणार असेल तर सगळंच खाली येणार. वजनाचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. दहा बाय बाराच्या खोलीला नुसता सहा मिलिमीटर सिमेंटचा गिलावा धरला तरी त्याचं वजन सव्वा क्विंटलच्या वर जातं. एवढा भार पापुद्र्याला टांगून त्याखाली म्हाताऱ्या माणसाची खाट ठेवायची का? मग मात्र तेही खरडायला बसले.

खरडण्याआधी काठीनं सगळं छत ठोकून घेतलं. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. एके ठिकाणी तपकिरी डाग होता आणि ठोकताच टवका पडला. आत गज गंजलेला. लोखंड गंजलं की जागा जास्त मागतं, फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. अशा जागेवर पुट्टी ओढून पुढे जाणं म्हणजे डोळे मिटणं. तिथलं सुटं काँक्रीट फोडलं, गज तारेच्या ब्रशनं घासून साफ केला, गंजरोधक लावलं आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरून घेतलं. सुदैवानं जागा परातीएवढीच होती. खोलीभर असे गज दिसायला लागले तर मिस्त्रीवर न सोपवता इंजिनिअरला बोलावा.

मग चुना ओला करून पत्र्यानं खरडणं. पाणी मारलं की धूळ बसते आणि पापुद्रे मऊ होतात. दाण्यांची टोकं छिन्नीनं उडवली. स्वयंपाकघराकडच्या भिंतीलगत धुराचा तेलकट थर होता, तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासला. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क आणि डोक्याला दुपट्टा हवाच. सिमेंटची ही बारीक धूळ छातीत बसते. आमच्याकडचे कारागीर मास्क लावायला लाजतात, मी मात्र लावल्याशिवाय परांचीवर चढू दिलं नाही.

मोबाइलवर या कामाचे परदेशी व्हिडिओ खूप आहेत आणि ते पाहून इथे काम करू नये, कारण तिथलं दाणेदार छत वेगळं आहे. तिथे हा थर फवाऱ्यानं किंवा तयार लेपानं देत आणि जुन्या थरांत बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. श्वासातून आत गेले तर त्यांनी कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत अशा फवाऱ्याच्या सजावटी थरांवर १९७८ मध्ये बंदी आली, ब्रिटनमध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये. म्हणून तिथले लोक आधी नमुना तपासून घेतात आणि अ‍ॅस्बेस्टॉस निघाला तर न खरडता तसाच झाकून टाकणं पसंत करतात. आमच्या स्लॅबचे दाणे रेती-सिमेंटचे, त्यांना खरडावंच लागतं. पण हा धडा आपल्यालाही लागू आहे तो सिमेंटच्या पत्र्यांना. गोठ्यावर, पडवीवर जे राखाडी नालीदार पत्रे असतात त्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि आपल्याकडे ते अजून विकले जातात. ते घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका.

आता थर. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हातांत मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास द्यायची असते. आमच्या छतावरचे खड्डे चार-पाच मिलिमीटरचे. तेवढी जाडी पुट्टीनं भरली की ती वाळताना तडकते. म्हणून कोरड्या खोल्यांत आधी जिप्समचा गिलावा केला. त्याच जाडीच्या सिमेंटपेक्षा तो बराच हलका, त्याला रोज पाणी मारावं लागत नाही. ज्या खोलीत डाग आला होता तिथे मात्र जिप्सम नको म्हटलं. जिप्समला ओल सोसत नाही, मऊ पडतं. तिथे सिमेंटची जाड दाण्याची लेव्हल पुट्टी वापरली आणि तिला पाण्यानं नीट ओल दिली.

जिप्सम आपल्याकडे मुख्यतः राजस्थानातून येतं. हा दगड साधारण दीडशे अंशांना भाजला की त्याच्या अंगातलं पाऊण पाणी उडतं आणि भुकटी होते, तीच पीओपी. पाणी घातलं की ती पुन्हा दगड व्हायला निघते, घमेल्यात हात घातला तर गरम लागते. म्हणून एकदा घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो ढवळायचा नाही, त्याचा जीव गेलेला असतो. घमेलं दर वेळी धुवायचं, कारण जुना कण राहिला तर नवा माल लवकर धरतो. मिस्त्रींना हे सगळं हातानं माहीत होतं. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. घाईत सिमेंटमध्ये पीओपी टाकून काम उरकायची पद्धत आहे. ओल लागली की त्या दोघांचं जमत नाही, आतून फुगतं आणि गिलावा फुटतो. ते घरात होऊ दिलं नाही.

भिंत आणि छत मिळतात तिथे बारीक खाच ठेवली. आमची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भिंती थोड्या हलतात, वरून स्लॅबही उन्हानं ताणतो, आणि सगळी भेग त्याच सांध्यात येते. खाच असली की भेग तिथेच राहते, छतावर चालत येत नाही.

शेवटचा हात घासताना संध्याकाळी खिडक्या बंद करून बल्ब छताला लागून आडवा धरायचा. दिवसा जे सपाट वाटतं त्यातली प्रत्येक लाट अशा उजेडात सावली टाकते. त्या जागांवर पेन्सिलनं खूण करायची आणि सकाळी तेवढंच घासायचं. रंग घेताना चकचकीत घेऊ नका. चकाकीत उरलीसुरली लाट उठून दिसते. आम्ही प्रायमरवर साधा मॅट पांढरा दिला, पुसता येणारा. सासूबाईंच्या खोलीत मी आता काठीला ओलं फडकं बांधून छत पुसते आणि कापसाचा तंतू फडक्यासोबत निघून येतो.

स्वयंपाकघराचं छत अजून जुनंच आहे. तिथे चूल चालते, पहाटे पाणी तापतं, आणि धूर बाहेर जायला धुराडं नीट नाही. ते बांधून झाल्याशिवाय तिथे एक गोणीही फोडायची नाही असं मिस्त्रींना सांगून ठेवलंय. विटा आणल्या आहेत. रेती मिळाली की ते काम आधी.