'खाग़' म्हणजे हसणे
आजची दुपार मी मार्क ओक्रंड यांनी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत घालवली आणि मुद्दाम केवळ हसण्याविनोदाचे शब्द शोधत राहिलो. 1985 साली या भाषेचा शब्दकोश प्रसिद्ध झाला. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतल्या लढवय्या क्लिंगॉन परग्रहवासीयांना विनोदाशी काय देणेघेणे, असे मला वाटत होते. पण हसण्यासाठी 'खाग़', स्मित करण्यासाठी 'मोन', गमतीदार असण्यासाठी 'त्लाक़' आणि विनोदासाठी 'क़िड' असे शब्द तिथे सापडले, आणि त्यातला 'ड' तर आपल्यासारखाच जीभ मागे वळवून उच्चारायचा आहे, हे कळल्यावर फार आनंद झाला.

या भाषेत स्वतंत्र विशेषणे नाहीत, त्यामुळे गमतीदार असणे हेही क्रियापदच ठरते. 'पूक़' म्हणजे मूल. 'पूक़ त्लाक़' म्हटले की गमतीदार मूल आणि 'त्लाक़ पूक़' म्हटले की मूल गमतीदार आहे, इतका फरक निव्वळ क्रमाने पडतो. 'खाग़'ला 'मोख' हा प्रत्यय जोडला की हसवणे होते, अगदी आपल्या 'हस'चे 'हसव' होते तसेच.

मात्र मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो 'वेजपूख' या उद्गारापाशी. त्याचा अर्थ 'मोहक', पण तो केवळ उपरोधानेच वापरायचा, अशी नोंद कोशातच आहे. ज्याला सरळ अर्थाने उच्चारण्याची मुभाच नाही असा शब्द घडवणाऱ्या माणसाला विनोद किती आतून कळला असेल, याचा विचार मी अजूनही करतो आहे.