शालजोडीतला

मंगळवार, रात्री उशिरा

"साईट लई भारी झालीया. आता ऑर्डर फोनवरच देत जातो."

इचलकरंजीच्या दुकानदार काकांचा निरोप. ऑफिसात फोन घेणाऱ्या ताईंनी तो अभिप्रायांच्या तक्त्यात चढवला आणि समोरच्या चौकटीत हिरवा रंग भरला. सकारात्मक. पहिलं वाक्य वाचून झालं असेल तेवढ्यात फोन वाजला असणार. आणि फोन का वाजतायत, ते दुसऱ्या वाक्यात होतं.

दुकानदारांनी आमच्याकडून बेअरिंग, सील, पट्टे मागवायची नवी साईट लागून आज बारावा दिवस. शिव्या येणार हे ठाऊक होतं, आल्याही. "जुनी परत द्या." "कुणी सांगितलेले उद्योग?" "पैसे जास्त झालेत का?" त्यातलं काही मनाला लागलं नाही. लागलं ते हे 'लई भारी'. सात महिने रात्री जागवून शेवटी हाती काय, तर शाल. आणि आत जोडा.

शिव्यांचं तसं बरं असतं, त्या वाचता येतात. सुरुवातीच्या बऱ्याचशा तक्रारी हाताची सवय मोडल्याच्या असतात. 'माझी बिलं' डावीकडे होतं ते उजवीकडे गेलं, बटण हिरवं होतं ते निळं झालं. चार ऑर्डरी टाकल्या की हात नवा रस्ता शिकतो आणि तक्रार विरून जाते. म्हणून तक्त्यात रंग भरण्याऐवजी क्रियापद बघावं. 'आवडली नाही' म्हणणाऱ्याला दोन आठवडे द्यावेत. 'सापडत नाही' हे तिघांनी एकाच गोष्टीबद्दल म्हटलं, की ती वस्तू चुकीच्या जागी ठेवलीय असं समजावं. 'होत नाही' आलं की त्याच दिवशी हातातलं सोडून बसावं. काकांच्या निरोपात यातलं एकही क्रियापद नाही. 'देत जातो' आहे. म्हणजे माणसाने स्वतःपुरता तोडगा काढला, आपल्याकडे मागितलं काहीच नाही.

फेसबुकने सप्टेंबर २००६मध्ये न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचाली एकत्र दाखवणारी यादी, आणली तेव्हा तिच्या विरोधात फेसबुकवरच लाखोंचे गट उभे राहिले, आणि त्या गटांची खबर पसरायला तीच फीड कामी आली. लोक ओरडले आणि राहिले. बातम्यांचे दुवे वाटायच्या डिग या साईटने ऑगस्ट २०१०मध्ये चौथी आवृत्ती लावली, तिच्यात नको ती बातमी खाली दाबायचं बटणच काढून टाकलं. लोकांनी चिडून पहिलं पान रेडिट या प्रतिस्पर्धी साईटच्या दुव्यांनी भरलं आणि पुढे बरेचसे रेडिटवरच राहायला गेले. फेसबुकने समोर काहीतरी नवं आणून ठेवलं होतं. डिगने लोकांच्या हातातलं काम काढून घेतलं होतं.

आम्ही काकांच्या हातातलं काय काढून घेतलं, ते आज जुन्या पानाशी ताडून पाहिलं.

जुनं पान म्हणजे पिवळट रंगाचा एक तक्ता. कोड टाका, टॅब, नग टाका, एंटर. कर्सर आपोआप खालच्या ओळीत, पुन्हा कोडच्या चौकटीत. माउसला हात लावायचा नाही. डाव्या हातात चिठ्ठी, उजवा हात कीबोर्डवर. वीस ओळींची ऑर्डर चहा निवायच्या आत पुरी व्हायची. नव्या पानावर आधी शोध, मग कार्ड, म्हणजे वस्तूच्या फोटोची आणि नावाची चौकट, ते उघडायचं, नग निवडायचे, 'कार्टमध्ये टाका' दाबायचं. उजवीकडून एक पट्टी सरकत येते, ती बंद करायची, आणि पुन्हा वर जाऊन शोधाच्या चौकटीत क्लिक करायचं. एका वस्तूला सहा क्लिक. वीस वस्तूंना एकशेवीस. ती पट्टी सरकताना दिसते मात्र सुरेख. सादरीकरणात तिलाच टाळ्या पडल्या होत्या, पण तो विषय नकोच.

आणि कार्डवर फोटो कशाचा? बेअरिंगचा. ६२०४ घ्या नाहीतर ६२०५, फोटोत दोन्ही स्टीलच्या कड्याच. आतलं भोक एकाचं २० मिलिमीटर, दुसऱ्याचं २५, बाहेरून ४७ आणि ५२. ते फोटोत कुठून कळणार? त्यातून आम्ही सगळ्या बॉल बेअरिंगना एकच फोटो लावलाय. भरपूर जागा दिलीय त्याला. जुन्या पानावर पन्नास ओळी दिसायच्या, आता आठ कड्या दिसतात, आठही सारख्या.

त्याहून वाईट म्हणजे नाव. कार्डचं नाव दोन ओळींत बसलं पाहिजे, बसलं नाही तर पुढे तीन टिंबं, असा नियम लावलाय. नाव सुरू होतं कंपनीपासून, मग 'डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग', मग ६२०४, आणि तिथे टिंबं. दुकानदाराला हवं असतं ते नेमकं टिंबांमागे. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रा, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, सीथ्री म्हणजे आतली फट जरा जास्त, तापणाऱ्या मोटरसाठी. पाण्याच्या पंपाला टूआरएसच्या जागी झेडझेड गेलं, तर पत्र्याच्या कडेने पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग आवाज करायला लागतं. मग माल परत, आणि परत करणाऱ्याचा फोन. इलाज सोपा आहे. आकडा आणि शेपूट आधी, ठळक, कंपनीचं नाव खाली बारीक. अर्ध्या दिवसाचं काम. सात महिन्यांत ते कुणाला दिसलं नाही, कारण चाचणीसाठी भरलेली नावं आखूड होती. 'नमुना वस्तू १.' ती छान बसत होती.

शोधाचं सांगायलाच नको. सांगतेच. जुना शोध गावठी होता. टाकलेल्या अक्षरांतल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढायचा आणि उरलेलं कोडच्या आत कुठेही सापडलं तरी दाखवायचा. नवा शोध हुशार. तो शब्द सुटे करतो. '६२०४-२आरएस'चे दोन तुकडे करून ठेवतो. दुकानदार घाईत '६२०४२आरएस' असं सलग टाकतो, असा तुकडा नव्या शोधाच्या वहीत नाहीच. उत्तर: 'काही सापडलं नाही', सोबत एका उदास ढगाचं चित्र. तो ढग पाहून काका काय म्हणाले असतील, ते लिहिण्यासारखं नसावं.

इथे एक मेख आहे. रेघा, फुल्या, जागा सरसकट काढून टाकल्या तर बेअरिंगचं भागतं, ऑइल सीलचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीचं, नाही. सीलचे आकडे तीन: आतला व्यास, बाहेरचा, जाडी. ३५-५२-७. कुणी मध्ये एक्स लिहितं, कुणी फुली, कुणी नुसती जागा सोडतं. सगळं काढलं की उरतात ३५५२७, आणि ते ३५-५२-७ की ३-५५-२७ हे यंत्राला कळायचं कसं? म्हणून सीलच्या बाबतीत खुणा काढायच्या नाहीत, सगळ्या खुणांची एकच खूण करायची. साठवतानाही आणि शोधतानाही, एका बाजूने करून उपयोग नाही. शिवाय देवनागरी आकडे आले तर आधी ते इंग्रजी करून घ्यायचे. कालपर्यंत '३५' आणि त्याचंच इंग्रजी रूप आमच्याकडे दोन वेगळ्या वस्तू होत्या. मराठी माणसांनी बांधलेली साईट.

साईटवरच्या करड्या अक्षरांवर आज वाद झाला. पांढऱ्यावर तो फिका करडा म्हणजे उजळपणात २.८५ला १ एवढाच फरक, साध्या मजकूर नीट वाचता यायला निदान ४.५ला १ लागतो. थोडा गडद करडा घेतला की काम होतं आणि डिझाइन मरत नाही. पण मूळ डिझाइन जिचं, ती आता इथे नाही. असो.

पासवर्डची चूक तर आधीच दुसऱ्यांनी करून दाखवलेली होती. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीने फेब्रुवारी २०१४मध्ये नवी साईट आणली, खर्च १५ कोटी पौंडांच्या घरात. जुन्या ग्राहकांना नव्याने नोंदणी करायला लावली, आणि पुढच्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. हे सगळं माहीत असून आम्हीही सर्वांना 'पासवर्ड नव्याने ठरवा' अशी मेल धाडली. गरज नव्हती. जुन्या पद्धतीने साठवलेला पासवर्ड उलगडता येत नाही हे खरं, पण माणूस पहिल्यांदा आत येतो तेव्हा जुन्या पद्धतीने पडताळून घ्यायचा आणि त्याच क्षणी नव्या पद्धतीने साठवायचा. त्याला पत्ताही लागत नाही. आमची मेल गेली नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींच्या पत्त्यावर. मग पर्याय ओटीपीचा. ओटीपी येतो मालकाच्या मोबाइलवर, मालक जेवायला घरी, आणि गल्ल्यावरचा पोरगा सहा रिकाम्या चौकटींकडे बघत बसलेला.

तरी साहेब खूश आहेत. विक्रीचा आलेख जागचा हललेला नाही. हलेल कसा? काका फोनवर सांगतात, ताई त्यांच्या नावाने त्यांच्याच खात्यात ऑर्डर चढवतात. आलेखात काका अजून साईटवरच आहेत. फोनची संख्या कुणी मोजत नाही, कारण फोन टेबलावर असतो आणि आलेख भिंतीवर. उद्यापासून ऑर्डर कुणी चढवली, दुकानाने की ऑफिसने, एवढा एक रकाना काढून बघायचा. मग त्या हिरव्या चौकटीचा खरा रंग दिसेल.

संध्याकाळी ताईंच्या मागे उभं राहून त्यांना ऑर्डरी चढवताना पाहिलं. त्या नव्या पानावर गेल्याच नाहीत. जुनं पान आतल्या सर्व्हरवर अजून चालू आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कोड, टॅब, नग, एंटर. मला विचारतात, "बंद नाही ना करणार?" हसू आलं. खरंच आलं. सात महिन्यांच्या कामाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक आमच्याच ऑफिसात बसून जुनं पान वापरतेय, आणि इचलकरंजीच्या लई भारीला हिरवा रंग देतेय.

तर ठरलं. तेच पान नव्या साईटला जोडायचं, 'झटपट ऑर्डर' नाव देऊन. एक्सेलमधून कोड आणि नग कॉपी करून सरळ चिकटवता येतील अशी सोय वर. साहेब म्हणणार, जुनंच आणायचं होतं तर खर्च कशाला केला. म्हणोत.

काकांना उत्तर लिहायला तीन वेळा बसले. पहिल्यात माफी फार होती, दुसऱ्यात कारणं. शेवटी एवढंच पाठवलं: "काका, सोमवारी झटपट ऑर्डर उघडून ६२०४२आरएस टाकून बघा."

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"बघतो की. तोवर लिहून घ्या: ६२०४ टूआरएस २०, ६२०५ झेडझेड १०, पट्टा बी ५२ सहा, सील ३५-५२-७ बारा. आणि साईट खरंच भारी आहे हां, सूनबाईला दाखवली."

लिहून घेतलं.