आमची वाटचाल: ‘ग्रुपमधून काढला’ म्हणजे खरंच काढला का?

आमची कंपनी छोटी, सगळे एका खोलीत मावतील एवढी. काम एकच, वेब अ‍ॅप्लिकेशनचं ब्राउझर ऑटोमेशन टेस्टिंग, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने ब्राउझर चालवून केलेली तपासणी, आणि त्यातही गेली बरीच वर्षं आमच्याकडे जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त काम युजर, ग्रुप, रोल आणि परमिशन याच भागाचं असतं. हे काही ठरवून झालं नाही. सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांसाठी वेब अ‍ॅप्स बनवायचो, टेस्टिंग आपलं जाता जाता. पण प्रत्येक अ‍ॅपमध्ये एक स्क्रीन अशी असते की जी डेमोत कुणी दाखवत नाही, मालकाला तिच्यात रस नसतो, डिझायनर तिला शेवटच्या दिवशी हात लावतो, आणि ती म्हणजे ग्रुप मॅनेजमेंट. ग्रुप बनवा, नाव बदला, मेंबर टाका, मेंबर काढा, ग्रुप उडवा. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी हे सगळं हाताने तपासायचं म्हणजे माणूस कंटाळतो, दोन क्लिक करतो आणि ‘चेक्ड’ लिहून मोकळा होतो. आणि मोडलं की मात्र ज्याने पगारपत्रक बघायला नको त्याला ते दिसतं. डॅशबोर्डचा रंग चुकला तर कुणी मरत नाही, इथे मात्र नोकऱ्या जातात.

तर त्या स्क्रीनचं ऑटोमेशन आधी स्वतःसाठी केलं, मग एका क्लायंटने विचारलं की फक्त हे एवढंच आमच्या दुसऱ्या अ‍ॅपसाठी करून द्याल का, आणि हळूहळू अ‍ॅप बनवायचं काम मागे पडून हेच पोटापाण्याचं झालं.

तेव्हा ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम नावाचं टूल सोडून आमच्या डोळ्यासमोर दुसरं काही नव्हतंच. २००४ मध्ये थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत जेसन हगिन्सने ते सुरू केलं, ब्राउझरला थेट हुकूम देणारा वेबड्रायव्हर नंतर आला आणि २०११ च्या सेलेनियम दोनमध्ये दोन्ही एकत्र झाले. पण आमच्यासारखे बरेच लोक शिरले ते सेलेनियमच्या फायरफॉक्समधल्या रेकॉर्डरमधून. क्लिक करत जायचं, तो लिहून घेतो, नंतर तसंच्या तसं चालवून दाखवतो. क्लायंट तर बघतच राहायचे. गंमत अशी की बटणाला स्वतःचा आयडी किंवा नाव नसलं की रेकॉर्डर ते ओळखायचा त्याच्या जागेवरून, म्हणजे अमुक टेबलातली चौथी ओळ, त्यातला सहावा रकाना, त्यातली दुसरी लिंक. मेंबरच्या यादीत ‘शेवटचं लॉगिन’ नावाचा एक नवा रकाना आला की सगळा सूट, म्हणजे टेस्टचा अख्खा संच, लाल (नापास). मग २०१७ मध्ये फायरफॉक्स ५५ आला आणि तो जुना रेकॉर्डर चालायचाच बंद झाला. आम्ही त्याआधीच कोडकडे वळलो होतो म्हणून निभावलं. २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत स्टँडर्ड झालं, ते एका अर्थाने बरं झालं, कारण क्लायंटला पटवताना ‘हे काय आमचं घरगुती प्रकरण नाही’ असं सांगता यायला लागलं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्याकडे जुने सूट दुरुस्तीला येतात तेव्हा आम्ही आधी एकच टेस्ट उघडतो: मेंबर काढण्याची. ती बहुतेक ठिकाणी अशी असते. अ‍ॅडमिनने लॉगिन करायचं, ग्रुप उघडायचा, ‘काढा’ दाबायचं, पान रिफ्रेश करायचं, आणि यादीत ते नाव दिसत नाही ना एवढं बघायचं. वाचायला एकदम बरोबर वाटते. पण रिफ्रेशनंतर यादी सर्व्हरवरून यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात टेस्ट विचारते ‘नाव आहे का?’, रिकाम्या पानावर अर्थातच नाव नाही, टेस्ट पास! काढण्याच्या बटणामागचं काम पूर्ण बंद करून ठेवा, तरी ही टेस्ट हिरवी. आम्ही क्लायंटसमोर खरंच तेच करून दाखवतो, त्यांच्या डेव्हलपरला सांगतो की सर्व्हरवरचा डिलीटचा कोड तात्पुरता बंद कर आणि टेस्ट चालव, आणि सगळे हिरवे ठिपके बघून मीटिंगमध्ये जी शांतता पसरते तिच्यावर आमची निम्मी ऑर्डर पक्की होते. उपाय साधा आहे, आधी जे दिसायलाच पाहिजे त्याची वाट बघा, म्हणजे उरलेल्या मेंबरचं नाव किंवा एकूण आकडा आला की मगच नसलेल्याची चौकशी करा. ‘नाही’ तपासण्याआधी ‘आहे’ तपासायचं, हा आमच्याकडे नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचा नियम आहे.

पण एवढं करूनही ती टेस्ट अर्धीच राहते, कारण ती फक्त अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवर बघते. अ‍ॅडमिनला ‘मेंबर काढला’ असा हिरवा मेसेज येतो. ज्याला काढला त्याचं काय? त्याच्या मशीनवर ग्रुपचं पान आधीपासून उघडं आहे, फाइल्सची यादी समोर आहे. तो डाउनलोड दाबतो. होते डाउनलोड. एका क्लायंटकडे हे दाखवलं तर त्यांचा माणूस म्हणाला, पान रिफ्रेश केलं की जाईल. केलं रिफ्रेश, तरी यादी तशीच. कारण त्यांच्याकडे लॉगिन होताना जे टोकन (ओळख पटवणारा डिजिटल पास) मिळायचं त्याच्या आतच ग्रुपची नावं भरलेली असायची आणि सर्व्हर प्रत्येक वेळी डेटाबेसला न विचारता टोकनवर विश्वास ठेवायचा, म्हणजे टोकनची मुदत संपेपर्यंत तो माणूस ग्रुपमध्येच. याची तक्रार कधीच आली नव्हती, आणि येणार कशी? ज्याला अ‍ॅक्सेस मिळाला नाही तो फोन करतो, ज्याचा राहून गेला तो कशाला करेल. म्हणून सपोर्टच्या तिकिटांवरून, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींवरून, टेस्ट ठरवणाऱ्यांना आम्ही नेहमी सांगतो की ग्रुपच्या बाबतीत तिकिटं फक्त एकाच बाजूची असतात.

तिथून आमची कामाची पद्धतच बदलली. ग्रुपची कुठलीही टेस्ट दोन ब्राउझर सेशनमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या लॉगिननी, एकीकडे अ‍ॅडमिन आणि दुसरीकडे ज्याच्यावर परिणाम होणार तो. अ‍ॅडमिनने काढलं की दुसऱ्या सेशनमध्ये तीन गोष्टी: उघड्या पानावर बटण दाबून बघायचं, रिफ्रेश करून बघायचं, आणि पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकून बघायचा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण खूप ठिकाणी मेन्यूतून लिंक लपवलेली असते आणि तेवढ्यालाच लोक परमिशन म्हणतात, पत्ता माहीत असला की दार उघडंच. तिथे सर्व्हरकडून ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ असा कोड, आलंच पाहिजे, नुसतं रिकामं पान चालणार नाही.

टूल बदलण्याचं कारणही हेच. मध्ये आम्ही सायप्रेस या दुसऱ्या टेस्टिंग टूलवर बरंच काम केलं, लिहायला सुटसुटीत, चूक कुठे झाली ते स्क्रीनवर लगेच दिसतं, टीमला फार आवडायचं. पण एका टेस्टमधून एकाच वेळी दोन ब्राउझर चालवता येत नाहीत, आणि हे काही त्यांनी लपवलेलं नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये मर्यादा म्हणून स्वच्छ लिहिलंय. बाकी पुष्कळ कामांना त्याने काही बिघडत नाही. आमचं मात्र सगळं दोन माणसांवर चाललेलं, मग २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं त्यात एकाच ब्राउझरमध्ये हवी तितकी वेगळी कॉन्टेक्स्ट, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली सेशन, उघडता येतात, कुकीज वेगळ्या, लॉगिन वेगळं, म्हणजे आमच्यासाठीच बनवल्यासारखं.

सूट सायप्रेसवरून प्लेराइटवर हलवताना एक मजेशीर प्रकार दिसला तो सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. ‘हा ग्रुप नक्की उडवायचा का?’ असा ब्राउझरचा जो कन्फर्म बॉक्स येतो, त्याला सायप्रेस काही सांगितलं नाही तर आपोआप ‘हो’ म्हणतं आणि प्लेराइट आपोआप ‘रद्द’ करतं. म्हणजे तीच टेस्ट, तेच बटण, एकीकडे ग्रुप उडतो, दुसरीकडे राहतो, आणि बॉक्स तर कुठेच दिसत नाही. दोन्हीचं वागणं आपापल्या जागी ठीक आहे. आम्ही आता या बॉक्सचं उत्तर कायम स्वतः लिहितो, आणि त्यातला मजकूरही तपासतो, कारण एका ठिकाणी बॉक्समध्ये ग्रुपच्या नावाऐवजी त्याचा नंबर येत होता आणि अशा बॉक्सवर माणूस डोळे झाकून ‘हो’ दाबतो.

आणखी एक फायदा अनपेक्षित झाला. प्लेराइटमध्ये बटण शोधायचं तर त्याच्या भूमिकेवरून आणि नावावरून शोधावं असा सल्ला असतो, जागेवरून नाही. आता मेंबरच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक फुलीचं बटण, सगळ्यांचं नाव ‘फुली’च, मग टेस्टने नेमकी कुठली फुली दाबायची? डेव्हलपरला सांगून प्रत्येक बटणाला एरिया-लेबल (aria-label, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारं पण कोडमध्ये असलेलं नाव) लावून घेतलं, ‘अमक्याला ग्रुपमधून काढा’ असं. टेस्ट तर सुधारलीच, पण स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या माणसाला आधी ओळीने नुसतं ‘फुली, फुली, फुली’ ऐकू यायचं ते थांबलं. हे आम्ही कोटेशनमध्ये कधी लिहिलं नव्हतं, आता लिहितो!

नावांची भानगड वेगळीच. दोन टेस्ट एकाच वेळी चालतात आणि दोघी ‘टेस्ट ग्रुप’ नावाचा ग्रुप बनवतात, मग एक पडते, हे सगळ्यांना माहीत असतं, नावापुढे रँडम शेपूट लावलं की सुटतं. यादीचं पान वीस नावांचं असेल आणि जुना कचरा साफ केला नसेल तर नवा ग्रुप दुसऱ्या पानावर जातो आणि टेस्टला सापडत नाही, तेही ठीक, साफसफाई एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट सर्व्हरला सांगून, करायची, स्क्रीनवरून करत बसायचं नाही. पण मराठी नावांनी जो घोळ घातला तो खास आपला. ‘दुसऱ्या पाळीचे’ असा ग्रुप होता, आणि यादीत तो दोनदा. डोळ्यांना काडीचा फरक नाही. सिस्टिम तर म्हणते एका नावाचे दोन ग्रुप बनूच शकत नाहीत. झालं असं की त्या ऱ्या मधला अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो, काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दिसायला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. आणि कॉम्प्युटरवर अक्षरं साठवण्याची जी युनिकोड पद्धत, तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणं) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, तुम्हाला स्वतःच एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून मग तुलना करावी लागते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सूटमध्ये हे नाव दोन्ही पद्धतीने टाकून बघणारी टेस्ट असते, शिवाय पुढेमागे स्पेस असलेलं नाव आणि इंग्रजी नाव लहान-मोठ्या अक्षरात, ही तर असतातच.

धंद्याचं म्हणाल तर सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ‘किती टेस्ट देणार?’ या प्रश्नाला उत्तर देणं. क्लायंटला आकडा हवा असतो. शंभर म्हटलं की दुसरा कुणी पाचशे म्हणतो. पण ग्रुपचं नाव पन्नास वेगवेगळ्या प्रकारे बदलून पन्नास टेस्ट दाखवणं काही कठीण नाही, आणि शेवटच्या अ‍ॅडमिनने स्वतःलाच काढलं तर ग्रुपला वाली कोण राहतो, ही एक टेस्ट त्या पन्नासांपेक्षा भारी. तसंच ग्रुपमध्ये ग्रुप. ‘अ’ च्या आत ‘ब’ आणि कुणीतरी ‘ब’ च्या आत ‘अ’ टाकला की सर्व्हर गोल गोल फिरत बसतो आणि पान उघडतच नाही. किंवा एकच माणूस दोन ग्रुपमधून त्याच फोल्डरला पोचतो, एकातून काढला तरी त्याला फोल्डर दिसलंच पाहिजे, आणि इथे टेस्ट लिहिणाराच घाई करून ‘दिसायला नको’ लिहितो आणि मग डेव्हलपर त्या टेस्टला खूश करायला चांगला चालणारा कोड बिघडवतो. म्हणून आम्ही टेस्टच्या नगावर पैसे घेत नाही, महिन्याच्या देखभालीवर घेतो, आणि ज्यांना नगच मोजायचे आहेत त्यांना नम्रपणे नाही म्हणतो. थोडी कामं जातात. जाऊ देत.

माणसं घेतानाही आम्ही कोड येतो का हे नंतर बघतो. हाताने टेस्टिंग केलेली, ‘पण हे असं केलं तर?’ म्हणून खोड काढणारी माणसं आमच्याकडे टिकतात, त्यांना कोड शिकवता येतो. उलटं सहसा जमत नाही. कधी पास कधी फेल होणारी फ्लेकी टेस्ट दिसली की ‘परत चालव, होईल हिरवी’ म्हणणारा माणूस आमच्याकडे फार दिवस राहत नाही, आमच्याकडे ती टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढून ट्रेस, म्हणजे टेस्टने पावलापावलाला काय केलं त्याची नोंद, उघडायचा असतो.

सध्या वारं थोडं बदललंय. मोठ्या क्लायंटकडे ग्रुप आता अ‍ॅपमध्ये बनतच नाहीत, कंपनीच्या मुख्य डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्यांची खाती जिथे असतात तिथे, बनतात आणि स्किम (SCIM) नावाच्या, खाती आणि ग्रुप एका सिस्टिममधून दुसरीत पोचवणाऱ्या प्रोटोकॉलने, ज्याची दुसरी आवृत्ती २०१५ ची, अ‍ॅपमध्ये येऊन पडतात. म्हणजे अ‍ॅपमधल्या स्क्रीनवर ‘काढा’ बटण दिसायलाच नको, आणि तिकडे डिरेक्टरीतून काढलेला माणूस इकडे कधी निघतो ते दोन्हींची माहिती जुळवणारा सिंक कधी चालतो त्यावर. इथे टेस्टने किती थांबायचं हे कोडमध्ये ठरत नाही, क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांना विचारावं लागतं की तुम्हाला जास्तीत जास्त किती उशीर चालेल, आणि बहुतेकांनी हा आकडा कधी ठरवलेलाच नसतो. तो लेखी मिळेपर्यंत आम्ही त्या टेस्ट रिलीजच्या सूटमध्ये घेत नाही, रात्री वेगळ्या चालवतो आणि प्रत्यक्ष किती वेळ लागला तेवढं सकाळी क्लायंटला मेल करतो.